कामानिमित्त मुंबईत आलात, तर जेवाल कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगर, नाशिक... कुठून ना कुठून कोणीतरी दर महिन्याला कामाला मुंबईत येतं आणि फोन करतं: "मीटिंग बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आहे, जेवायचं कुठे?" त्या फोनवर वर्षानुवर्षं दिलेली उत्तरं इथे एका जागी लिहून काढली आहेत. पंचतारांकित बुफे आणि फोटोसाठी सजवलेली कॅफे यात नाहीत. दिवसभर काम करून दमलेल्या माणसाला एकट्यानं किंवा दोघा-तिघांत शिरता येईल, पोटभर चवीचं खाऊन तासाभरात उठता येईल, अशा जागांबद्दलच हे आहे.

उतरलोय त्या हॉटेलच्या आसपासच शोधू ना?

शक्यतो नको. कंपन्या माणसांना उतरवतात ते विमानतळाजवळ, साकीनाक्याला, अंधेरी पूर्वेला किंवा बीकेसीच्या कडेला. तिथल्या खोल्यांचे दर ठीक असतात म्हणून, आसपास जेवण चांगलं मिळतं म्हणून नव्हे. लॉजच्या तळमजल्यावरचं 'मल्टिक्युझीन' रेस्टॉरंट ज्या गिऱ्हाइकावर चालतं ते उद्या परत येणार नसतं, हे त्या आचाऱ्यालाही ठाऊक असतं.

त्याऐवजी कामाची जागा आणि परतीची वाट बघा. मुंबईतली चांगली आणि स्वस्त खाण्याची ठिकाणं कामकऱ्यांसाठी उभी राहिली: गोदीतले, गिरणीतले, कचेरीतले, बाजारातले. त्यांच्या पगारात बसेल आणि त्यांच्या सुटीच्या वेळात उरकेल असं जेवण देणारेच टिकले. तुम्हीही इथे कामालाच आला आहात, तेव्हा त्यांच्या वाटेनं आणि त्यांच्या घड्याळानं गेलात की निम्मा शोध संपतो.

यात अलीकडे मोठी सोय झाली ती भुयारी मेट्रो ३ ची. ऑक्टोबर २०२५ पासून ही मार्गिका आरे ते कफ परेड पूर्ण धावते. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं. सीप्झ (अंधेरीचं निर्यात-उद्योग क्षेत्र), मरोळ नाका, विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स, बीकेसी, दादर, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन हे सगळं एका रेषेत आलं. बीकेसीतली मीटिंग सहाला संपली तर अर्ध्या तासाच्या आसपास काळबादेवीला थाळीवर बसता येतं. हीच मजल टॅक्सीनं संध्याकाळी मारायची म्हणजे भूक मरून जाते.

अनोळखी भागात चांगलं हॉटेल ओळखायचं कसं?

आत कोण बसलंय ते बघा. किती बसलेत हा पुढचा प्रश्न. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकतंय, बाजूला बँकेचा शिपाई बसलाय, कोपऱ्यात एक वयस्कर गृहस्थ मेनूकार्ड न मागता जेवतायत, असं दिसलं की बिनधास्त शिरा. रोज येणारा माणूस फसवून घेत नाही. सगळे मोबाइलनं ताटाचे फोटो काढताना दिसले तर जागा वाईट असेलच असं नाही, पण ती रोजची नव्हे.

दुसरी खूण, दारातला फळा. आजचं काय ते खडूनं लिहिलेलं असेल तर स्वयंपाक आजचा आहे. तिसरी, टेबलं किती भराभर रिकामी होतात. भात, आमटी, भाजी सतत संपत आणि सतत नवी होत असेल तिथे शिळं उरायला वाव नाही. दुपारी एक वाजता निवांत रिकामं पडलेलं हॉटेल भर वस्तीत असेल, तर त्याला काहीतरी कारण असतं आणि ते आसपासच्या लोकांना माहीत असतं.

मेनूकार्डाची जाडीही बघावी. शेट्टी, म्हणजे उडुपी हॉटेलांत इडलीपासून पनीर टिक्का, शेजवान राइस, पिझ्झा आणि फालुद्यापर्यंत सगळं असतं, आणि त्यातलं बरंचसं खपावं लागतं म्हणून असतं. अशा ठिकाणी पहिल्या पानावर थांबावं: इडली, मेदूवडा, डोसा, उपमा, दुपारी राइस प्लेट, वर फिल्टर कॉफी. या हॉटेलांचा हात तिथे बसलेला आहे. पनीर हंडी मागवून मग "मुंबईत काही दम नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे विचारणं. पण मीटिंगमधल्या साहेबाला विचारू नका. तो तुम्हाला पाहुणा समजून महागड्या जागेचं नाव सांगेल. रिसेप्शनवरच्या मुलीला, सुरक्षारक्षकाला, चहा आणणाऱ्या मुलाला विचारा. आणि "इथे चांगलं काय आहे?" असं न विचारता "तुम्ही डबा आणला नाही तर कुठे जाता?" असं विचारा. उत्तर बदलतं.

मोबाइलवरच्या ताऱ्यांवर विश्वास ठेवावा का?

तारे सोडा, तक्रारी वाचा. "टेबल शेअर करायला लावलं", "बसून गप्पा मारू देत नाहीत", "एसी नाही", "दोन वाजता गेलो तर मासे संपले होते" ही जेवणाऱ्याच्या दृष्टीनं शिफारसपत्रंच आहेत. "जेवण कोमट आलं", "तेलाला वास होता", "बिलात जास्तीचं लावलं" अशा तक्रारी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या महिन्यांत केल्या असतील तर पुढे सरका. फोटोंमध्ये गिऱ्हाइकांनी टाकलेले बघा. त्यात हल्लीच्या मेनूकार्डाचा फोटो सापडला तर खर्चाचा अंदाजही घरबसल्या येतो.

किती वाजता जावं?

सव्वाबाराला किंवा सव्वादोनला. मधल्या वेळात ऑफिसं सुटतात आणि फोर्ट, बीकेसी, सीप्झ सगळीकडे दारात रांग लागते. मासे खायचे तर लवकर या, उशिरा आलात तर हवा तो मासा संपलेला असतो. मालवणी आणि गोमंतकी खानावळी बहुतेक साडेतीनच्या सुमारास दार लावतात ते संध्याकाळी सातपर्यंत. चार वाजता भूक लागली तर उडुपी किंवा इराणी हे दोनच खात्रीचे आधार.

रात्रीच्या गाडीनं सकाळी सातला सीएसएमटीला उतरतो. दहाच्या मीटिंगपर्यंत काय?

हा तर मुंबईत खाण्याचा उत्तम वेळ. स्टेशनच्या समोरच, कॅपिटॉल इमारतीत 'आराम' आहे, १९३९ पासूनचं. वडापाव, थालीपीठ, मिसळ, पियुष. तिथून हाकेच्या अंतरावर 'पंचम पुरीवाला'. पुरी-भाजी, तीही भराभर वाढलेली. इंटरव्ह्यूला आलेली मुलं, कोर्टात आलेले पक्षकार, हमाल, सगळे एका बाकावर.

थोडं चालायची तयारी असेल तर धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर 'क्याणी अँड कंपनी'. १९०४ सालचं इराणी हॉटेल. लाकडी खुर्च्या, चौकटीची टेबलक्लॉथं, ब्रून मस्का, चहा, आकुरी (पारशी पद्धतीची अंडा-भुर्जी) किंवा ओम्लेट-पाव, निघताना मावा केक. ब्रून म्हणजे बाहेरून कडक पाव. तो चहात बुडवूनच खायचा, नाहीतर टाळू सोलवटते. तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही, मात्र लॅपटॉप उघडून ऑफिस थाटू नका.

पुण्याहून डेक्कन क्वीननं येणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. १९३० पासून धावणाऱ्या त्या गाडीला अजून डायनिंग कार आहे. ओम्लेट आणि चीज टोस्ट खाऊनच माणूस उतरतो.

फोर्ट, नरिमन पॉइंट, मंत्रालय. दुपारचं जेवण?

इथे पर्याय इतके की निवड हाच त्रास. मंत्रालयात काम असेल तर आधी मनाची तयारी ठेवा की फाइल दुपारच्या सुटीनंतरच हलणार आहे, आणि निवांत जेवून या.

मासे हवे असतील तर फोर्ट. 'प्रदीप गोमंतक'सारख्या लहान गोमंतकी खानावळी, 'अपूर्वा' आणि 'महेश लंच होम'सारखी मंगळुरी घराणी. दोन्हींत नारळ असला तरी चवी वेगळ्या. गोमंतकी हुमणात (माशाच्या कालवणात) तिरफळ आणि आंबटपणाला कोकम. मंगळुरी गस्सीत (तिथल्या कालवणात) भाजलेली लाल मिरची आणि चिंच, सोबत नीर डोसा. थाळीवर भागवायचं असेल तर गोमंतकी खानावळ गाठा. दोघे-तिघे असाल आणि खर्चाला जरा सैल हात असेल तर मंगळुरी.

पारशी जेवण एकदा तरी घ्यावं, आणि त्यासाठी बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' दुपारीच गाठावं लागतं. १९२३ पासूनची ही जागा त्या कचेऱ्यांच्या वस्तीसाठीच उभी राहिली, त्यामुळे रात्रीच्या जेवणाचा प्रश्नच नाही. बेरी पुलाव तिथला. आंबट लाल इराणी बेरी, केशर, मटण किंवा चिकन आणि भरपूर भात. एक प्लेट दोघांत घेतली तर दुपारी मीटिंगमध्ये डोळे उघडे राहतील. धनसाक (डाळ-मटणाचा जड पारशी पदार्थ) घेतलात तर मला विचारू नका. पारशी मंडळी तो रविवारी खातात आणि मग झोपतात, यात शहाणपण आहे.

नरिमन पॉइंटला 'स्वाती स्नॅक्स'ची शाखा आहे (मूळ ताडदेवची, १९६३ पासून). केळीच्या पानात थापलेली पानकी, फाडा नी खिचडी, असं हलकं गुजराती. चर्चगेटला 'सम्राट'मध्ये भरपेट गुजराती थाळी मिळते. आणि बरोबर कोणी नसेल, वीस मिनिटंच असतील, तर त्या भागात कुठल्याही कचेरीच्या मागच्या गल्लीत उभ्यानं सँडविच, डोसा, पाव-भाजी खाणाऱ्यांच्या घोळक्यात शिरा. टाय लावलेली माणसंही तिथे उभी असतात. कोणी बघत नाही.

आणि बीकेसी?

बीकेसी म्हणजे काचेच्या इमारती, रुंद रस्ते आणि तळमजल्यावर महागडी रेस्टॉरंटं. पायी शोधावं असं तिथे फारसं काही नाही. इमारतीतल्या फूड कोर्टात किंवा कँटीनमध्ये पाहुण्याला प्रवेश मिळत असेल तर संकोच करू नका, दुपारपुरतं ते पुरेसं असतं.

खरं जेवायचं तर रिक्षा करून वांद्रे पूर्वेत गांधीनगरला 'हायवे गोमांतक'. लहान जागा, बाहेर वाट बघणारी माणसं, नाव लिहून घेतात. बोंबील फ्राय, तिसऱ्या, सुरमईची थाळी, वर सोलकढी. रस्ता ओलांडताना बीकेसीच्या ओळखपत्रांची वरात भेटते, यावरून काय ते समजा. एक सूचना: सोबत बॉस असेल आणि त्याला वाट बघायची सवय नसेल, तर नको.

अंधेरी पूर्व, सीप्झ, विमानतळ परिसर?

दुपारी शेट्टी हॉटेलातली राइस प्लेट, झालं. दोन भाज्या, आमटी, सार किंवा रस्सम, पोळ्या किंवा पुऱ्या, भात, ताक. दीडशे-अडीचशेत काम होतं. एमआयडीसीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एखादं असतं आणि त्यांच्यात डावं-उजवं करण्यात वेळ घालवू नये.

संध्याकाळ मोकळी असेल तर रेल्वेच्या पलीकडे न जाता पार्ले पूर्वेला या. हनुमान रोडवरची 'गजाली' मालवणी माशांसाठी नावाजलेली, देशांतर्गत विमानतळापासून जवळ. रात्रीचं विमान असेल तर इथे जेवून निघता येतं. पार्ल्यात शाकाहारी फराळाचीही चैन आहे. स्टेशनच्या आसपास फिरलात तरी कोथिंबीर वडी, मसालेभात, अळूवडी यांपैकी काहीतरी हाती लागतंच.

लोअर परळला ऑफिस आहे. सगळं मॉलमध्येच आहे का?

वरवर तसं दिसतं. पण ज्या जमिनीवर ते मॉल उभे आहेत तिथे १९८२ च्या संपापर्यंत गिरण्यांचे भोंगे वाजत होते. कोकणातून, घाटावरून एकट्यानं आलेला कामगार चाळीतल्या खोलीत दहा-बारा जणांत राहायचा आणि शेजारच्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचा. त्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मुंबईतलं 'साधं हॉटेल' समजून घ्यायचं तर ही मुळं ठाऊक हवीत: माणूस एकटा, वेळ मोजका, पैसे मोजके, आणि तरीही गावच्या चवीची आठवण.

गिरण्या गेल्या तरी लालबाग-परळच्या पट्ट्यात ती चव पुरती गेलेली नाही. लालबागला 'लाडू सम्राट'मध्ये साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, मिसळ. 'क्षीरसागर'मध्ये मालवणी मटण आणि वडे. लोअर परळलाच 'जयहिंद लंच होम' आहे मंगळुरी माशांसाठी. कमला मिलच्या काचेच्या दारातून निघून पुलापलीकडे जरा चालायची तयारी ठेवा.

एकच संध्याकाळ मोकळी आहे. एकच जागा सांगा.

शाकाहारी असाल तर माटुंगा. दादरहून मध्य रेल्वेची धीमी लोकल, पुढचंच स्टेशन. उतरलात की स्टेशनला लागूनच, मंडईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं 'श्रीकृष्ण उडुपी बोर्डिंग', १९४२ चं. केळीच्या पानावर जेवण, हवं तितकं. सांबार, रस्सम, दोन भाज्या, पापड, ताक, पायसम. वाढपी फिरतच असतात आणि पान मिटल्याशिवाय थांबत नाहीत. स्वयंपाकघर बघायचं असेल तर खुशाल बघा, तशी पाटीच आहे.

पानावर बसण्याइतकी भूक नसेल तर किंग्ज सर्कलच्या दिशेनं 'कॅफे मद्रास' (१९४०), 'रामाश्रय' (१९३९), 'कॅफे म्हैसूर' (१९३६). रागी डोसा, रस्सम वडा, पेसरट्टू, उपमा, शेवटी दाटसर फिल्टर कॉफी. कॅफे मद्रासला रविवारी सकाळी अर्धा-पाऊण तास ताटकळावं लागतं. बुधवारी संध्याकाळी तुम्ही सहज आत. कामाला आलेल्या माणसाचा हा फायदा आहे, तो आठवड्याच्या मधल्या दिवशी मोकळा असतो. सोमवारी यातल्या काही जागांना सुटी असते, तेवढं निघण्याआधी बघा.

मांसाहारी असाल तर दादर पश्चिम, शिवाजी पार्कच्या बाजूला. 'सिंधुदुर्ग', 'चैतन्य', आणि शेजारीच शाकाहारी सोबत्यासाठी 'आस्वाद' किंवा 'प्रकाश'. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष यावर मुंबईकरांत दुमत नाही, आणि दुमत नसलेल्या गोष्टी मुंबईत फार थोड्या.

मासे कधी खावेत, आणि दर आधी विचारावा का?

दर नेहमी विचारावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कार्डावर पापलेट, खेकडा, शेवंडीपुढे आकडा नसतो, 'साइजप्रमाणे' असतं. मासा आणून दाखवायला सांगा, किंमत ऐका, मग होय म्हणा. खेकडा वजनावर असतो आणि बिलाचा तोल तोच घालवतो. थाळीत बांगडा स्वस्त, सुरमई मधली, पापलेट सगळ्यात वर. चवीच्या बाबतीत मी बांगड्याच्या बाजूचा.

बुधवार, शुक्रवार, रविवार हे मराठी घरांतले मांसाहाराचे वार. त्या दिवशी खानावळीत खप जास्त, म्हणून माल ताजा. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी गर्दी कमी. श्रावणात तर शुकशुकाट.

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात ताटात येतं ते बर्फातलं, दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेलं किंवा खाडीतलं. पावसाळ्यात कामाला आलात तर सुक्या माशांकडे वळा: सुका जवळा, सोड्यांची खिचडी, बोंबलाची चटणी. पावसात गरम भाताबरोबर ते खाल्लं की ताज्या माशाची हळहळ उरत नाही.

क्लायंट जैन किंवा कडक शाकाहारी आहे. साधं पण नीट कुठे न्यावं?

'प्युअर व्हेज' पाटी असली म्हणजे कांदा-लसूण-बटाटा नसेल असं नाही. आधी फोन करून "जैन होईल ना?" एवढं विचारा, मुंबईत हा रोजचा प्रश्न आहे. काळबादेवीचं 'श्री ठाकर भोजनालय' (१९४५ पासून) हे माझं पहिलं नाव. जिना चढून जावं लागतं, जागा साधी, पण थाळीत फरसाण, कढी, तुपाळ फुलके, गोड पदार्थ आणि आग्रह, सगळं भरपूर. नव्या मेट्रो स्थानकामुळे तिथे जाणं सोपं झालंय. बाबुलनाथ मंदिरासमोर 'सोआम' आहे, जरा नीटनेटकं, बोलायला शांत. आणि झवेरी बाजारात 'भगत ताराचंद', १८९५ साली कराचीत सुरू झालेलं घराणं. ताक बिअरच्या बाटलीत येतं. क्लायंट फार गंभीर असेल तर त्याला आधी सांगून ठेवा.

एकटीनं जेवायला जायचं आहे. अवघड वाटेल का?

मुंबईत नाही. दुपारी तर निम्मी टेबलं एकेकट्या माणसांचीच असतात. उडुपी, इराणी, पारशी, माटुंग्याची बोर्डिंगं कुठेही शिरा. दाराशी 'परमिट रूम' किंवा 'बार अँड रेस्टॉरंट' लिहिलं असेल तर आत डोकावून बघा. बऱ्याच ठिकाणी खाली बार आणि वर किंवा मागे वातानुकूलित 'फॅमिली' विभाग असतो. तिथे दर थोडे जास्त लावतात, पण मासे तेच. टेबल शेअर करायला सांगतील. समोरचा माणूस तुमच्याशी बोलणार नाही, तो मोबाइलमध्ये किंवा आमटीत असेल.

बिल कंपनीला द्यायचं आहे. काय बघायचं?

छापील बिल, त्यावर हॉटेलचं नाव-पत्ता, तारीख, अनुक्रमांक आणि जीएसटी क्रमांक. बाहेरच्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलांत खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. लहान खानावळी बऱ्याचदा कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही आणि बिलावर तसं लिहावं लागतं. म्हणजे तिथल्या बिलात कर दिसत नाही म्हणून तुमच्या अकाउंट्सच्या माणसानं ते नाकारायचं कारण नाही. कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकण्याचा आग्रहही बऱ्याचदा व्यर्थ, कारण जेवणावरच्या कराचं क्रेडिट कायद्यानं सहसा मिळतच नाही.

बिलात 'सर्व्हिस चार्ज' असेल तर काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. साध्या हॉटेलांत हा प्रश्न येतच नाही. तिथे बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवले की पुरे.

पोट बिघडणार नाही ना?

उद्या प्रेझेंटेशन असेल तर आज रात्री पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, गाडीवरची कच्ची चटणी टाळा. गरम, समोर तळलेलं किंवा भाजलेलं बहुतेक सोसतं. बाकी, बाहेरगावच्या माणसाचं पोट मुंबईत बिघडतं ते बऱ्याचदा अवेळी आणि उपाशीपोटी तिखट खाण्यानं.

रात्री अकरानंतर कुठे?

पर्याय झपाट्यानं घटतात. मुख्य स्टेशनांबाहेर अंडा-भुर्जी आणि पाव-भाजीच्या गाड्या असतात; कुलाब्यात ताजमहाल हॉटेलच्या मागे 'बडेमियाँ'चे कबाब. ताडदेवला 'सरदार'ची पाव-भाजी, लोण्याचा गोळा घालून. डॉक्टरांना सांगू नका. यातलं काही जवळ नसेल तर खोलीवर मागवा, पण अॅपवर नाव दिसतंय ते खरोखर टेबल-खुर्च्यांचं हॉटेल आहे का, हे नकाशावर तपासून. एकाच स्वयंपाकघरातून सात नावांनी निघणारी बिर्याणी सातही नावांनी सारखीच लागते.

शनिवार-रविवार धरून राहतोय. फोर्ट चालेल?

रविवारी फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट ओस पडतात. गिऱ्हाईकच नाही, तर हॉटेल उघडून काय करणार? रविवारी गिरगाव किंवा दादर धरा. गिरगावात ठाकुरद्वारच्या बाजूला 'विनय हेल्थ होम'ची मिसळ खा आणि चालत चौपाटीवर जा.

काम ठाण्यात आहे.

तहसील कचेरीजवळ 'मामलेदार मिसळ', १९४६ पासून. 'तिखट' म्हणालात तर तिखटच येईल. पहिल्यांदा जाताय तर 'मध्यम' सांगा आणि ताक बरोबरच मागवून ठेवा.

डबेवाल्यांचा डबा एका दिवसापुरता मिळतो का?

नाही. १८९० पासून चालत आलेली ती व्यवस्था घरचा डबा कचेरीत पोचवते, महिन्याच्या बोलीवर. ज्याचं मुंबईत घर नाही त्याच्यासाठी ती नाहीच. मात्र साडेअकरा-बाराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनबाहेर असलात तर दोन मिनिटं थांबून बघा, आणि वाटेत उभे राहू नका.

घरी काय न्यावं?

लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा, क्याणीचा मावा केक, माटुंग्याहून ताजी दळून घेतलेली कॉफी. चिवडा महिनाभर टिकतो, केक दुसऱ्या दिवशीच संपवा. सुके मासे न्यायचे असतील तर विमानानं नको, गाडीनंही आधी शेजारच्या प्रवाशाचा अंदाज घेऊन.